पश्चिमेच्या दाराचं वाक्य

पेशन्स होप
१० सप्टेंबर १९८३

प्रिय ऑल्गा,

अक्षर ओळखलं असशीलच. पाकीट न फोडता टाकून देशील म्हणून मागे माझं नाव घातलं नाही, नुसतं गावाचं, ‘पेशन्स होप’, एवढंच घातलं. अकरा वर्षांनी लिहिते आहे. तू लिहायचं का थांबवलंस ते तुला ठाऊक आहे, मलाही आहे. त्यात आता शिरायला नको.

लिहिण्याचं कारण म्हणजे आईच्या थडग्यावरचा दगड कलला आहे. सरळ करायचा की नवा बसवायचा, ते तूही सांगायला हवंस.

मी बरी आहे. शाळेतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. घरात बसून खुर्च्यांना व्याकरण शिकवण्यात अर्थ नव्हता, म्हणून आठवड्यातून तीन सकाळी पाणी-ऑफिसात जाते. बांधावरची, कालव्यांवरची माणसं जे काही खरडून आणतात ते धड इंग्रजीत उतरवायचं, टाइप करायचं आणि शहरात इंजिनिअर कार्बेरीसाहेबांकडे पाठवायचं, एवढंच काम. साहेब स्वतः इकडे फिरकत नाहीत. परवा त्यांनी लिहिलं, ‘मिस सेंपल आल्यापासून तुमच्या गावचे अहवाल वाचायला आनंद होतो.’ पत्र मी भिंतीवर लावलेलं नाही, पण फेकलेलंही नाही.

दोन्ही कोकर, बांधातली पूर्वेची आणि पश्चिमेची पाण्याची दारं, आता मंगरू रामजसकडे आहेत. आठवतो? चौथीतून शाळा सोडून बापाबरोबर ऊस तोडायला गेला तो. आता केस पांढरे झालेत. ओहोटीला दार वर, भरतीला दार खाली, त्याच्या आयुष्याला दुसरं घड्याळ नाही. ऑक्टोबरच्या उधाणाआधी दुरुस्तीचा अहवाल द्यायचा असतो, तो त्याने मंगळवारी आणला. सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या कागदावर! पुठ्ठ्याला चिकटलेली तंबाखूसुद्धा तशीच. आणि काय लिहिलं होतं सांगू? ‘ऑल फिक्स बट वेस्ट डोर.’ क्रियापद कुठे, काळ कुठे, काही पत्ता नाही. बिचाऱ्याने ‘ऑल बट’ कुणाच्या तरी तोंडून ऐकलं असणार आणि शब्द भलतीकडे ठेवले. मी ते बसवून दिलं: ‘द वेस्ट डोर इज ऑल बट फिक्स्ड.’ बघ कसं डौलदार झालं. त्याला वाचून दाखवलं, त्याने मान डोलावली आणि खाली सही केली.

गव्हाच्या पिठावरची बंदी अजून उठलेली नाही. तांदळाच्या पिठाचा पाव खाऊन दात दुखतात. टोरांटोत तुला हवा तेवढा पाव मिळत असेल.

दगडाचं कळव.

इस्मे


पेशन्स होप
१ ऑक्टोबर १९८३

प्रिय ऑल्गा,

तुझं उत्तर नाही. टपालाला जाऊन-येऊन तीन आठवडे लागतात, तेव्हा रागावले आहे असं समजू नकोस.

इथे उकाडा आहे आणि समुद्र अजिबात आवाज करत नाही. मला ते आवडत नाही. म्हातारी मिस क्लेमी म्हणते, समुद्र गप्प असला की समजावं, तो मोजमाप घेतोय. क्लेमी अजून चिंचेच्या गोळ्या विकते, आता दोन वर्षांच्या नातीला कडेवर घेऊन. तिच्या आयोनाची मुलगी. नाव पर्ल. आयोना बाजारात भाजी घेऊन बसते, मूल दिवसभर आजीकडे.

काल मंगरू आला होता. पायाला चिखल होता म्हणून पायरीवरच उभा राहिला.

“टीचर, लाकडाची बार्ज काल आपल्या गावावरून सरळ पुढे गेली. मी बांधावरून हात केला, तर खलाशानेही हात केला! त्याला वाटलं, मी टाटा करतोय.”

मी हसले. तो हसला नाही.

“पश्चिमेच्या दाराला आता बोट लावलं तर बोट आत जातं, टीचर. लोण्यात गेल्यासारखं. साहेबांना कळलं नाही का?”

“ऑफिसचं काम आहे, मंगरू. सावकाश चालतं.”

“उधाण सावकाश येत नाही ना. आठ तारखेला येतंय.”

तो गेल्यावर मी कार्बेरीसाहेबांचं ताजं पत्र पुन्हा वाचलं. सोमवारीच आलं होतं. लिहितात, ‘पश्चिमेच्या दाराचं काम संपत आल्याचं वाचून समाधान वाटलं. तुमच्यासाठी राखून ठेवलेलं लाकूड आणि सुतार, जिथे अधिक गरज आहे त्या गावाकडे वळवले आहेत.’

सहज एक विचारते. तू इतकी वर्षं वकिलांच्या ऑफिसात टाइप करतेस, कागदांचा कीस काढणारी माणसं तिथे. ‘ऑल बट फिक्स्ड’ असं वाचलं तर तुला काय कळतं? काम झाल्यातच जमा आहे, की व्हायचंच आहे? इथे एकाशी पैज लागली आहे म्हणून विचारलं. घाई नाही. तार वगैरे करू नकोस.

उत्तर आलं की साहेबांना एक ओळ लिहायची की नाही ते ठरवीन. उगाच आधी लिहिलं तर ते म्हणतील, बाईंना आपलंच वाक्य कळत नाही.

इस्मे


पेशन्स होप
९ ऑक्टोबर १९८३

ऑल्गा,

मी जिवंत आहे. रेडिओवर ऐकलं असशील, नसशीलही. टोरांटोच्या रेडिओला आपलं गाव कशाला माहीत असेल.

काल दुपारी साडेचारला पश्चिमेचं दार गेलं. आवाज मोठा झाला नाही. ओलं लुगडं फाटावं तसा झाला. मी गॅलरीत बसून चहा पीत होते. आधी रस्त्यावरून कोंबड्या पळत आल्या, मग बॅक स्ट्रीटच्या कुणाच्या तरी लाकडी कुंपणाचा आख्खा तुकडा, मग पाणी. आपलं घर खांबांवर आहे, पाणी चौथ्या पायरीपर्यंत येऊन थांबलं. बॅक स्ट्रीटची घरं जमिनीला टेकलेली.

मंगरूने शुक्रवारी स्वतःच्या घराची जमीन उखडली होती. त्याच फळ्या नेऊन दाराला आतून टेकू दिले. त्याची बायको दुलारी आणि मुली उघड्या वाशांवर तोल सांभाळत स्वयंपाक करत होत्या म्हणे. दार जाताना तो तिथेच होता, कंबरेला दोर बांधून. पूर्वेच्या दाराकडच्या माणसांनी ओढून काढला. तीन बरगड्या मोडल्या आहेत.

मिस क्लेमी सापडली. पर्ल तिच्या कडेवरच होती. तिने पदरासारखा काहीतरी कपडा दोघींभोवती गुंडाळून गाठ मारली होती, मूल सुटू नये म्हणून. दोघींना तसंच आणलं. आयोना बाजारातून येत होती. बसवाल्याने तिला गावाबाहेर उतरवलं, पुढे रस्ताच नव्हता. ती मिरचीची टोपली डोक्यावर घेऊन पाण्यातून चालत आली. टोपली उतरवून घ्यायचं कुणाला सुचलं नाही, तिलाही नाही.

ऑफिसात गुडघाभर पाणी आहे. फाइल भिजू नये म्हणून मी घरी आणून ठेवली आहे.

आणखी काही लिहवत नाही.

इस्मे


पेशन्स होप
२३ ऑक्टोबर १९८३

ऑल्गा,

तुझं कार्ड आज आलं. अकरा वर्षांनी तुझं अक्षर, आणि दोनच ओळी: ‘अर्थ एवढाच की काम झाल्यातच जमा आहे. काळजीचं कारण नाही. का विचारतेस?’

का विचारते ते सांगते. याआधीच्या पत्रांत मी तीन ठिकाणी खोटं लिहिलं आहे. तू आता माझ्यावर विश्वास ठेवावास म्हणून नव्हे, पण एका तरी माणसाजवळ ते खरं लिहिलेलं असावं.

पैज नव्हती. हे पहिलं.

मंगरूला मी काही वाचून दाखवलं नव्हतं. हे दुसरं. तो ऑफिसच्या पायरीवर उभा होता, पायाला चिखल, आणि मी नुकतीच फरशी पुसून घेतली होती. आत ये म्हटलं नाही. टाइप केलेला कागद दारातून त्याच्यापुढे धरला, बोटाने सहीची जागा दाखवली. सही करता करता त्याने विचारलं, “टीचर, वेस्ट डोरचं नीट लिहिलंत ना? जरा जोर देऊन लिहा.” मी काय म्हटलं ते ऐक. मी म्हटलं, “तू दाराचं बघ, मंगरू. इंग्रजीचं मी बघते.”

त्याने लिहिलं होतं ते अगदी बरोबर होतं. सगळं झालं, पश्चिमेचं दार सोडून. सात वर्षांच्या मुलालाही कळलं असतं. मला कळलं नाही, कारण मला ते कळून घ्यायचं नव्हतं, सुधारायचं होतं. शब्द त्याचेच ठेवले, फक्त जागा बदलल्या, आणि दार दुरुस्त होत आलं.

आणि मला शंका आली होती. एक तारखेला तुला पत्र लिहिताना ती आलीच होती, म्हणून तर लिहिलं. उधाणाला सात दिवस होते. शहरात एक तार पाठवायला अर्धा तास लागतो. तुला मात्र तार करू नकोस असं लिहिलं. उत्तर उशिरा यावं असंच मला वाटत होतं का? मी रोज स्वतःला विचारते आणि रोज विषय बदलते.

तिसरं. फाइल भिजू नये म्हणून घरी आणली नव्हती. अकरा तारखेला कार्बेरीसाहेब ती न्यायला आले, गमबूट घालून, पहिल्यांदाच. मी फाइल दिली. मंगरूचा सिगारेटच्या पाकिटाचा कागद अहवालाच्या ऑफिसातल्या प्रतीला टाचणीने लावलेला असतो. टाचणी तिथे होती. कागद नव्हता. तो माझ्याकडे आहे.

साहेबांनी अहवाल वाचला आणि म्हणाले, “मिस सेंपल, या माणसाने सरळसरळ खोटं कळवलं. खाली सही आहे बघा.” मी बघितलं. सही आहे म्हटलं.

मंगरूला कामावरून काढलं आहे. दहा नोव्हेंबरला शाळेत चौकशी बसणार. त्याच्या घरावर कुणीतरी चिखल फेकला. तो रस्त्याने गेला की रमच्या दुकानातून ओरडतात, “काय रे, झालं का दार फिक्स?” आणि हसत नाहीत. हसले असते तर बरं वाटलं असतं.

काल तो माझ्याकडे आला. छातीला पट्टा, श्वास तुटक. या वेळी मी त्याला आत बोलावलं, खुर्ची दिली. तो खुर्चीच्या कडेवर बसला.

“टीचर, चौकशीसाठी एक कागद लिहून द्या. माफीचा.”

“कसली माफी?”

“मीच उलटसुलट लिहिलं असणार. मला कुठे इंग्रजी येतं. ‘ऑल’ पुढे टाकला का मागे टाकला, आठवत नाही. मनात एक होतं, हातातून दुसरं गेलं.”

“मंगरू, तुला तसं का वाटतं?”

“नाहीतर तुम्ही तसं कशाला लिहाल?” त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भलतंच काही विचारलं होतं. “तुम्ही टीचर. तुम्ही चुकणार नाही. म्हणजे मीच चुकलो. शाळा पुरी केली असती तर मिस क्लेमी आज जिवंत असती. ती पोरगी पण.”

ऑल्गा, मी कागद घेतला आणि माफीपत्र लिहायला बसले. खरंच बसले. तो सांगत होता, मी लिहीत होते, आणि मध्येच त्याचं एक वाक्य मी सरळ केलं. हाताला सवय आहे. मग पुढचं लिहवेना. उद्या पुरं करते म्हणून त्याला पाठवलं. जाताना म्हणाला, “देव तुमचं भलं करो, टीचर.”

आई गेली तेव्हा तू मला चार पानी पत्र पाठवलं होतंस. मी ते लाल शाईने तपासून तुला परत पाठवलं. सात चुका होत्या. तेव्हा मला वाटलं होतं, रडणं मला जमत नाही तर निदान हे करावं. यात तुझा काही दोष नव्हता आणि पत्रात तर मुळीच नव्हता. हे आता लिहिण्याला काही अर्थ नाही, पण लिहिते.

इस्मे


पेशन्स होप
१३ नोव्हेंबर १९८३

प्रिय ऑल्गा,

तुझं मोठं पत्र मिळालं. त्याचं उत्तर वेगळं देईन. आज फक्त काय झालं ते.

चौकशी माझ्याच जुन्या वर्गात झाली. भिंतीवर गाळाची रेघ अजून आहे, मुलांच्या खांद्याइतकी. पुढे एक निवृत्त न्यायाधीश, शेजारी कार्बेरीसाहेब. बाकांवर सगळं गाव. आयोना मागे उभी होती. बस म्हटलं तरी बसली नाही. मंगरू दुलारीच्या शेजारी, धुतलेला शर्ट, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेल्या.

मला सहीबद्दल विचारायला बोलावलं होतं. सही त्याचीच का? मी म्हटलं, सही त्याची, वाक्य माझं. आणि कागद काढून टेबलावर ठेवला.

न्यायाधीशांनी तो वाचला. मग टाइप केलेला अहवाल वाचला. मग पुन्हा कागद. “बाई, हे दोन्ही मोठ्याने वाचा,” म्हणाले. मी वाचले. चाळीस वर्षं मी त्या वर्गात मोठ्याने वाचलं आहे, आवाज कधी असा झाला नव्हता.

“यांत फरक काय, ते इथल्या लोकांना समजेल असं सांगा.”

“याने लिहिलं, दार राहिलं आहे. मी लिहिलं, दार झाल्यासारखंच आहे.”

“त्याला विचारलंत?”

“नाही.”

“नंतर कळलं?”

“उधाणाच्या आधी सात दिवस शंका आली होती.”

कुणी ओरडेल असं वाटलं होतं. बाहेर एक गाढव ओरडत होतं तेवढंच. कार्बेरीसाहेब टोपी हातात फिरवत होते. न्यायाधीश त्यांच्याकडे वळून म्हणाले, “आणि तुम्ही, साहेब, दार बघायला किती वेळा आला होता?” साहेब म्हणाले, उत्तर पुढे लेखी देईन.

तेवढ्यात मंगरू उभा राहिला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. बरगड्यांवर हात दाबून, वाकून.

“साहेब,” तो म्हणाला, “म्हणजे मी लिहिलेलं बरोबर होतं?”

“बरोबर होतं.”

“माझं इंग्रजी?”

“तुझं म्हणणं स्पष्ट होतं, रामजस. कुणालाही कळेल असं होतं.”

तो खाली बसला. दुलारीने त्याचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं, भर वर्गात, सगळ्यांसमोर, आणि तो रडला. महिनाभर तो माणूस धड जेवला नव्हता, हे मला नंतर तिने सांगितलं. फाटकाशी मला गाठून सांगितलं.

“रोज म्हणायचा, मी दोघींना मारलं. झोपेत म्हणायचा. आणि तुम्ही समोर बसून त्याच्या माफीचा कागद लिहीत होता, टीचर?”

“हो.”

“सगळं माहीत असून?”

“हो, दुलारी.”

ती माझ्या तोंडावर थुंकेल असं वाटलं. तसं तिने केलं नाही. म्हणाली, “आता मला टीचर म्हणायला लावू नका,” आणि गेली.

मंगरूला कामावर परत घेतलं आहे. शहरातून लाकूड आलं, सुतार आले, नवं दार बसतं आहे. पुढचं उधाण वीस तारखेला. सुतारांच्या मते तोवर होईल. मंगरूच्या मते होणार नाही. त्याने बॅक स्ट्रीटच्या लोकांना घरोघर जाऊन तोंडी सांगितलं आहे, एकोणीसलाच सामान घेऊन शाळेच्या वरच्या मजल्यावर या. या वेळी सगळे येतील.

मला ऑफिसातून काढलं. कागद लपवल्याबद्दल माझ्यावर पुढे काय करायचं, ते नव्या वर्षात ठरेल. तू पैसे पाठवू का विचारलंस, नको. येऊ का विचारलंस; आता येऊ नकोस. हे माझं मला बघू दे.

एक गोष्ट राहिली. चौकशी झाली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून आयोना सकाळी येते. बाजाराला जायच्या आधी, सातच्या सुमाराला. फाटक उघडते, माझ्या पायरीवर बसते, टोपली शेजारी ठेवते. बोलत नाही. पहिल्या दिवशी मी दाराआड उभी राहिले. ती बस येईपर्यंत बसली आणि गेली. दुसऱ्या दिवशी मी चहा नेऊन ठेवला. तिने घेतला नाही, तिथेच गार झाला. शेजारपाजारचे खिडक्यांतून बघतात. कुणी म्हणतं ती मला काही करेल. कुणी म्हणतं, दार लावून घेत जा.

आज मी जाऊन तिच्या खालच्या पायरीवर बसले. मग ती बोलली, माझ्याकडे न बघता.

“ते वाक्य लिहायला तुला किती वेळ लागला?”

शाळेत असताना ती मला ‘मिस’ म्हणायची.

“एक मिनिट,” मी म्हटलं. “त्याहूनही कमी.”

तिने मान हलवली, म्हणजे हिशेब जुळल्यासारखी नव्हे, नुसती ऐकल्यासारखी. बस आली. ती उठली, टोपली डोक्यावर घेतली आणि फाटक उघडंच टाकून गेली.

मी ते लावलेलं नाही.

इस्मे